उगवतीचा पडदा

४ सप्टेंबर

ही डायरी फारूकचाचांनी दिली. बियाण्याच्या दुकानातली फुकट डायरी आहे, प्रत्येक पानाखाली फवारणीचा सल्ला छापलाय. चाचा म्हणले होते, "सोमेश, तू काय कुठं ठेवतो ते रोज यात लिहीत जा. ट्रायपॉड कुठं, चार्जर कुठं, स्वतः कुठं." ते जूनमध्ये. डायरी कुठं ठेवली होती ते आज सापडलं, बॅगेच्या तळाशी.

तर लिहितो. ट्रायपॉड: स्टुडिओत. चार्जर: स्टुडिओत. मी: नांदेडच्या बसस्टँडवर. पडदा: गोदावरीत.

आमचा स्टुडिओ लातूरला, गंजगोलाईच्या मागच्या बोळात. आमचा म्हणजे चाचांचा. मी तिथं दोन वर्षं आहे, म्हणजे जेव्हा असतो तेव्हा. धंदा आता सगळा पासपोर्ट फोटोचा. शिकवणीची पोरं रांगेत, मागं पांढरं कापड, कान दिसले पाहिजेत, चला पुढचा. पण आतल्या खोलीत एक पडदा होता. आठ बाय दहा फूट, जाड मांजरपाटावर रंगवलेला समुद्र आणि उगवता सूर्य. खालची दोन हात वाळू जमिनीवर पसरायची, तिच्यावर माणसं उभी राहायची. चाचांचे अब्बा, वकार पेंटर, यांनी पन्नास वर्षांपूर्वी काढलेला. लग्न झालं की औसा, निलंगा, किल्लारीकडची जोडपी यायची आणि समुद्राला पाठ करून उभी राहायची. त्याला सगळे उगवतीचा पडदाच म्हणत.

परवा चाचा दवाखान्यात गेले तेव्हा मी तो न विचारता गुंडाळला आणि नांदेडला आणला. माझा दोस्त सिद्धलिंग, त्याचं अक्षराशी लग्न ठरलंय. त्यांचे लग्नाआधीचे फोटो विष्णुपुरीला काढायचे होते. म्हणलं जुना पडदा, मागं खरी नदी, लई भारी दिसंल. धरणाच्या खाली काठावर दोन बांबू रोवून बांधला. अक्षरा पदर लावायला गेली. तेवढ्यात मला दिसलं की पलीकडं एक माणूस छत्री उलटी पाण्यात धरून मासे पकडून राहिला. दोरीनं छत्री सोडायची, आत पिठाचा गोळा. मी बघायला गेलो. त्यानं मला पण एकदा धरू दिली.

भोंगा वाजला तो मी ऐकला. खरंच ऐकला. वाटलं कॉलेजचा असंल.

धरणाचे गेट उघडले होते. सिद्धलिंग ओरडला तवर पाणी बांबूपाशी आलं होतं आणि मग बांबूच नव्हते. पडदा पाण्यावर उलगडला, चित्र वर. समुद्र नदीवर पसरला आणि त्यातला सूर्य आभाळाकडं तोंड करून मधल्या धारेला लागला, एकदा गोल फिरला, आणि गेला.

मी पळायला पाहिजे होतं. मी बघत राहिलो. असलं कधी बघितलं नव्हतं. हे कुणाला सांगणार नाही.

५ सप्टेंबर

चाचांना सांगितलं. वाटलं थोबाडीत बसंल. ते उठले, आत जाऊन रिकाम्या खुंट्या बघून आले आणि म्हणले, "चहा घेतला का?"

"न्हाई."

"घे मग."

मग धंद्याला लागले. तीसेक पोरांचे फोटो काढले, प्रत्येकाला 'कान दाखव' एवढंच. संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर म्हणले, "तीस तारखेला शिवकन्या येणार हाय."

हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

शिवकन्याताई किल्लारीच्या. भूकंपाच्या वेळी सहा वर्षांच्या, मामाकडं लातूरला आल्या होत्या म्हणून वाचल्या. आईवडील गेले, घर गेलं, घरातलं सगळं गेलं. आईवडिलांचा एक फोटो तेवढा आहे, तोही आमच्याकडच्या निगेटिव्हवरून नंतर काढून दिलेला. चाचा सांगतात, त्या वर्षी दिवाळी होऊन गेली तरी दुकानासमोर रांग असायची. माणसं म्हणायची, आमचं कुणी कधी इथं फोटो काढून गेलंय का बघा. अब्बा आणि चाचा निगेटिव्हचे डबे उपसत बसायचे. जे जे सापडले ते सगळे त्या एकाच समुद्रासमोर उभे.

ताई आता नव्या किल्लारीत नांदतात, शेती करतात. दर तीस सप्टेंबरला गावातला श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला की जीपमध्ये बसून एकट्या लातूरला येतात आणि त्या पडद्यासमोर एक फोटो काढतात. दोन वर्षं मीच काढला. खरं लिहायचं तर त्या बाईला फोटोत उभंच राहता येत नाही. बरोब्बर मधोमध राहतात. सूर्य डोक्यामागं तव्यासारखा बसतो आणि दोन्ही बाजूला एकेका माणसाची जागा वाया. गेल्या वर्षी मी तीनदा म्हणलं, ताई, जरा बाजूला सरका. त्या म्हणल्या, "तू काढ रे." चाचा पण मागून म्हणले, "काढ."

आता काय काढू.

८ सप्टेंबर

दयानंदच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो, मी आणि चाचा. तो वाढदिवस आणि निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदनवाले बोर्ड छापतो. म्हणला, "समुद्रच ना चाचा? किती पाहिजेत?" आणि कॉम्प्युटरवर चाळीस समुद्र दाखवले. निळे, हिरवे, झोपाळा टांगलेले. चाचा एकेकाला नाही म्हणत गेले. मला वाटलं रागानं. पण त्यांचं कारण होतं, ते मी लिहून घेतलं.

एक. पाण्याची रेघ माणसाच्या कमरेला आली पाहिजे. गळ्याला आली तर मुंडकं कापल्यासारखं दिसतं. दोन. सूर्य दोन डोक्यांच्या मधे पाहिजे, थोडा वर. तीन. वाळू रिकामी पाहिजे. "फोटो काढणारे सगळा फोटो भरून टाकतात," चाचा म्हणले. "पडद्याला जागा सोडावी लागती. माणसं नंतर येणार असतात."

दयानंद म्हणला, एवढं असंल तर जुन्या पडद्यासमोरचा कुठलाही फोटो आणा. चाचांनी खिशातून निगेटिव्ह काढली, सोबत आणलीच होती. दयानंदनं ती स्कॅन केली. कॉम्प्युटरवर डावीकडं एक बाई, नाकात नथ, उजवीकडं टोपीवाला माणूस, दोघांच्या मधे हातभर अंतर आणि वर सूर्य. शिवकन्याताईंचे आईवडील. पहिल्यांदाच बघितले. हातभर नाही, चांगलं एक माणूस मावंल एवढं अंतर. त्या काळात लाजत असतील.

दयानंद म्हणला, "एक नंबर. या दोघांना पुसून टाकतो, मोकळा समुद्र देतो तुम्हाला. अर्ध्या तासाचं काम."

चाचा उठून चालायला लागले. चप्पल घालायची राहिली, ती मी हातात घेऊन मागं पळालो. कोपऱ्यावर गाठलं आणि तोंडातून निघालं, "मी आणतो चाचा. खरा समुद्र. उगवतीचा."

चाचा माझ्याकडं बघत राहिले. म्हणले, "तू चौकातून चहा आणायला गेला की दीड तासानं येतोस."

पण संध्याकाळी त्यांनी त्यांचा कॅमेरा दिला. पट्टा माझ्या गळ्यात घालून म्हणले, "हा गळ्यातून काढायचा न्हाई. झोपताना पण न्हाई."

कॅमेरा: गळ्यात.

११ सप्टेंबर

समुद्र बघितला.

लातूर सोलापूर, सोलापूर कोल्हापूर, कोल्हापूर रत्नागिरी, आणि तिथून एक लहान गाव. समुद्र म्हणलं की कोकण, यात विचारायचं काय. पहाटे गाडीतून उतरलो तेव्हा अंधार होता आणि एक आवाज येत होता. वाटलं जवळ दालमिल आहे. आमच्याकडं हंगामात मिल रात्रभर चालतात तसाच घरघर आवाज. पण मिल कधीतरी बंद पडते, हिला बंद पडणं माहीतच नाही. आवाजाच्या मागं मागं गेलो आणि पायाखाली वाळू लागली.

उजाडायला लागलं तसं ते दिसायला लागलं. मला वाटत होतं समुद्र म्हणजे मोठं धरण. धरणाला पलीकडं काहीतरी असतं. इथं पलीकडं काही नाही. नजर जाते जाते आणि टेकायला काही मिळतच नाही. मी बसलो. उभं राहवेना. तुरीचं रान वाऱ्यानं हलतं तसं अख्खं आभाळाखालचं हलत होतं आणि प्रत्येक वेळेला माझ्या पायापाशी येऊन, मला बघून, परत जात होतं.

ट्रायपॉड पाण्याकडं तोंड करून लावला आणि सूर्याची वाट बघितली. ढग होते. सूर्य निघालाच नाही, नुसता उजेड झाला. उद्या बघू.

छत्री: बहुतेक कोल्हापूरच्या गाडीत.

१२ सप्टेंबर

आज आभाळ स्वच्छ. चारलाच जाऊन बसलो. कॅमेरा तयार, रेघ कमरेला, वाळू मोकळी. पाणी काळ्याचं राखाडी झालं, राखाडीचं दुधी. मी शटरवर बोट ठेवून बसलो. मग मानेला गरम लागलं.

समोर वाळूवर एक लांबलचक काळा माणूस पडला होता, तीन पायांच्या यंत्राशेजारी. त्याचं डोकं पाण्यात होतं आणि लाटा त्याच्यावरून जात होत्या. मी हात हलवला, त्यानं पण हलवला.

होडीला डांबर लावत एक म्हातारे बसले होते. विचारलं, "कसली वाट बघताय?"

"सूर्याची."

"तो तुमच्या मागे आलाय की. इथे तो डोंगरातून येतो. या बाजूला फक्त बुडतो." मग म्हणाले, "कुठले तुम्ही?"

"लातूरचे."

"हां," म्हणाले, आणि परत डांबर लावायला लागले.

चाचांना फोन केला. झालं ते सांगितलं.  पलीकडून हसण्याचा आवाज आला. पडदा गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता खोकले आणि म्हणले, "आमच्या अब्बांनी तरी कुठं बघितला होता समुद्र. विष्णुपुरीचं बांधकाम बघायला गेलते एकदा, तेवढंच पाणी बघितलेलं. त्यांना पण कुणी सांगितलं न्हाई सूर्य कोणत्या बाजूला असतो ते."

१२ सप्टेंबर, संध्याकाळ

परत लिहितो कारण झोप येणार नाही.

सूर्य बुडताना बघितला. घरी बुडतो तो झाडांमागं, पाण्याच्या टाकीमागं, म्हणजे नुसता दिसेनासा होतो. इथं तो खराच उतरला. पाण्याला टेकला तेव्हा खालून थोडा पसरला, पुरी तेलात सोडताना होते तसा. मला वाटलं आता आवाज येईल. अख्खा किनारा गप्प होता, कुत्रीसुद्धा. तो जाईस्तोवर मी श्वास घेतला का नाही आठवत नाही.

फोटो मात्र काढले. रेघ कमरेला, सूर्य मधोमध, वाळू मोकळी. सगळं बरोबर. दयानंदला पाठवला, त्याचं लगेच उत्तर आलं, "लई भारी, हाच छापू. उगवती का मावळती, फोटोला कुठं कळतंय."

खरंच कळत नाही. मी उलटसुलट करून बघितलं. छापला तर कुणालाच कळणार नाही, ताईंना तर नाहीच.

पण ताई तिथं उभ्या राहणार आणि त्यांच्या मागं तो बुडत असणार. हे मला एकट्याला माहीत असणार. मी पुष्कळ गोष्टी विसरतो, पण हे विसरीन असं वाटत नाही.

१६ सप्टेंबर

लातूर. चाचांची पोरगी बुशरा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, तिच्या खोलीत भिंतभर नकाशा आहे. तिनं मला त्याच्यासमोर उभं केलं.

"नववीत शिकवलं होतं हे. तू कुठं होतास?"

"उदगीरच्या जत्रेत."

"वर्षभर?"

तिनं पेन घेतलं आणि विष्णुपुरीवर ठेवलं. "हितं पडदा सोडलास." पेन उजवीकडं सरकत गेलं, महाराष्ट्र संपला, तेलंगण संपलं, आंध्र आलं, आणि निळ्याला लागून थांबलं. "गोदावरी पूर्वेला जाती. हा पण समुद्रच हाय. हितं सूर्य पाण्यातून येतो. तुझा पडदा जिकडं गेला तिकडंच जायचं होतंस, तू उलटा पळालास."

"म्हणजे पडदा तिथं असंल?"

"खुळ्या, मधे धरणं हायत. पडदा कुठं पोचतोय. पाणी पोचतं."

नांदेडहून नरसापूरला रेल्वे आहे. थेट. दोन वर्षं मी त्या स्टेशनवरून ये-जा करून राहिलो, त्या गाडीची पाटी वाचलेली आहे, आणि ती समुद्राला जाते हे मला माहीत नव्हतं.

चाचा म्हणले, "चौदा दिवस हायत. छापायला तीन लागतील." एवढंच. कॅमेरा परत मागितला नाही.

१९ सप्टेंबर

गाडी चुकली. वेळ होता म्हणून गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवलो, मग बाहेर बाया-बापे लसूण सोलत बसले होते, म्हणलं पाच मिनिटं हात लावावा. शेजारी भटिंड्याहून आलेले एक म्हातारे सरदारजी होते. त्यांनी समुद्र कधीच बघितला नव्हता. त्यांना कोकणातला मोबाईलवर दाखवला. ते बघत राहिले आणि कानाला हात लावून देवाचं नाव घेतलं. मग तिथल्या सगळ्यांना दाखवावा लागला. बाहेर आलो तर दिवे लागले होते.

अकरा दिवस राहिले. चाचांना कळवलं नाही.

मी: नांदेड स्टेशन, बाकावर. इथून हलणार नाही. कॅमेरा: गळ्यात, हाताला लसणाचा वास.

२२ सप्टेंबर

नरसापूर. थेट गाडी चुकलेली, म्हणून दुसऱ्या गाडीनं राजमहेंद्रीपर्यंत आणि तिथून बसनं. गाडी रात्रभर आणि दिवसभर नदीला सोडून जाते, परत गाठते. राजमहेंद्रीला पूल आला आणि मी दारात उभा राहिलो. पूल संपेचना. नांदेडला आमची नदी उन्हाळ्यात पोरं चालत ओलांडतात. इथं तिची ओळखच लागत नव्हती, गावाकडची पोरगी दिल्या घरी मोठी बाई होऊन बसावी तशी. शेजारचा म्हणला, गोदारी. इकडं तिला गोदारी म्हणतात. मी म्हणलं, आमच्याकडून येते. तो हसला. त्याला वाटलं असंल थापा मारतोय.

माझं आजोळ देगलूरकडं, घरात अर्धं तेलुगू. त्यावर भागलं. नरसापूरच्या पुढं नावेतून पलीकडं आणि तिथून मासेमाऱ्यांची वस्ती. अप्पाराव म्हणून एकजण भेटला, जाळं दुरुस्त करत होता. त्याला विचारलं, इथं कधी रंगवलेलं कापड वाहत आलंय का, मोठं, समुद्र काढलेला? त्यानं बायकोला हाक मारून परत विचारायला लावलं, तिला पण ऐकायचं होतं. दोघं पोट धरून हसली. समुद्राचं चित्र समुद्रात शोधतोय म्हणे.

मग अप्पारावनं हात करून काठ दाखवला. गणपतीचे पाट, झेंडूच्या माळा, नारळ, एक दाराची चौकट, चपला. हसणं थांबवून म्हणला, वरून सगळं इथंच येतं. आम्ही देवाचं असंल ते वेगळं काढून ठेवतो.

मी तरीपण अंधार पडेपर्यंत काठाकाठानं बघत गेलो. बुशरानं सांगितलेलं असून.

२३ सप्टेंबर

हे नीट लिहायचंय.

अप्पारावची बायको म्हणाली होती, सूर्याआधी या. गेलो. नदी जिथं संपते तिथं वाळूची जीभ आहे, एका अंगाला गोदावरी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. पाण्यात रेघ स्पष्ट दिसते. अलीकडचं पाणी मातकट, आमच्या काळ्या रानाचं, पलीकडचं निळं-काळं. दोन्ही एकमेकांना धडकत नाहीत, नुसती शेजारी हलत राहतात आणि लांब कुठंतरी फरक संपतो. मी खाली बसून हातात पाणी घेतलं. या पाण्यानं माझा पडदा नेला होता. मला राग यायला पाहिजे होता. मी ते डोळ्याला लावलं.

चाचांची रेघ कमरेला आणायची तर समोर माणूस पाहिजे. अप्पाराव आणि त्याची बायको होडीकडं निघाले होते, त्यांना उभं केलं. ती डावीकडं, तो उजवीकडं, समुद्राला पाठ. मधे किती जागा? निगेटिव्ह आठवली, तेवढी ठेवली. ती म्हणाली, लग्नातसुद्धा एवढा वेळ उभं केलं नव्हतं. तो म्हणला, लग्नात तू एवढी गप्प पण नव्हतीस. दोघं तशीच उभी राहिली, पाय ओल्या वाळूत रुतत होते.

आणि मग झालं. आधी काहीच नव्हतं. मग रेघेवर एक ठिणगी, लोहाराच्या भट्टीत असते तशी. मग ती ठिणगी राहिली नाही, तिला काठ आला. तो वर येत होता हे डोळ्याला दिसत होतं, म्हणजे खरंच सरकताना दिसत होतं. मी आयुष्यात इतकं मोठं काही हलताना बघितलेलं नाही. आवाज नाही. पाण्यातून एक वाट निघाली आणि सरळ माझ्या पायापर्यंत आली. ती नदीवरून पण आली आणि समुद्रावरून पण. रोज होतं हे. मी झोपेत असतो, बसमध्ये असतो, चहा आणायला गेलेला असतो, तेव्हा रोज इथं हे होत असतं, कुणी बघो न बघो. वकार पेंटरनं काढला होता तो तसाच होता, तोच रंग, जास्वंदीचा. न बघता. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

तेवढ्यात आठवलं. ओरडलो, "जरगंडि, जरगंडि," म्हणजे सरका. दोघं हसत दोन बाजूंना उड्या मारून बाहेर झाली. मी दाबलं.

एकच. मग लाट आली. लाट गेल्यावर आणखी दाबले, पण तोवर तो पिवळा झाला होता आणि फार वर.

आता बघून राहिलो तर त्या एका फोटोत दोघांची पावलं राहिलीत. डावीकडं दोन, उजवीकडं दोन, खोल, पाण्यानं भरलेली, आणि चारही पावलांत सूर्य चमकतोय. चाचांनी सांगितलं होतं वाळू मोकळी पाहिजे. बाकी सगळं बरोबर, रेघ, सूर्य, रंग. फक्त ही पावलं. फोटो खराब केला मी.

दयानंदकडून पुसून घेईन.

कॅमेरा: गळ्यात. मी: गाडीत, दारात.

२७ सप्टेंबर

दयानंदच्या दुकानात. दयानंदनं फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि खुर्ची मागं सरकवून बघितला. मग म्हणला, "हे तू काढलास?" मी पावलांचं सांगितलं. तो म्हणला, दोन मिनिटं, आणि पहिल्या पावलावर पांढरा गोल ठेवला.

"थांब," चाचा म्हणले.

ते खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. चष्मा वर केला, खाली केला. डावीकडची पावलं बघितली, उजवीकडची बघितली. मग खिशातून ताईंच्या आईवडिलांची ती निगेटिव्ह काढून दिव्यापुढं धरली आणि परत कॉम्प्युटरकडं बघितलं.

"पुसू नको."

"पण चाचा, तुम्हीच म्हणलं होतं ना, वाळू रिकामी..."

"म्हणलं होतं," चाचा म्हणले. "तसंच छाप."

दयानंदनं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. मला वाटतं चाचांना आता घाई झाली असंल, तीनच दिवस राहिलेत. ताईंना आवडणार नाही. मधोमध उभ्या राहतात, पावलांवर पाय देणार.

फ्लेक्स नको, कापडावर छाप, असं चाचांनी सांगितलं. फ्लेक्सला चमक येते. दयानंदनं घासाघीस केली नाही.

३० सप्टेंबर

ताई अकराला आल्या. जांभळं लुगडं, हातात पिशवी, जीपच्या धुळीनं भुवया पांढऱ्या. चाचांना म्हणल्या, "तब्येत बरी हाय का भाऊ?" चाचा म्हणले, हाय. पुढं सांगायचं माझ्यावर सोडलं होतं.

मी सगळं सांगितलं. न विचारता नेला, छत्रीवाला, भोंगा, कोकण, गाडी चुकली ते पण. पडदा वर तोंड करून वाहत गेला आणि मी बघत उभा राहिलो, तेसुद्धा. ते कुणाला सांगणार नव्हतो.

ताईंनी पदरानं भुवयांची धूळ पुसली. मग म्हणल्या, "कसा दिसत होता?"

"लई चांगला, ताई."

"हं."

आत गेलो. चाचांनी दोरी सोडली आणि नवा पडदा खाली आला, वाळू जमिनीवर पसरली. ताई उंबऱ्यातच थांबल्या. मला वाटलं ढग बघतायत. मग नजर खाली आली.

"हा कुठला?"

"आपलीच नदी संपती तिथला. उगवतीचा हाय, ताई. मी बघितलाय उगवताना."

"आन ही कुणाची?"

पावलं.  "तिथं एक जोडपं उभं होतं, त्यांची. मोजमापाला उभं केलतं. लाट यायच्या आत फोटो काढला म्हणून राहिली. पुसायची होती, पण चाचा..."

"एका अंगाला बाई व्हती का?"

"हाव. डावीकडं."

ताईंनी पिशवी चाचांकडं दिली. चपला काढून भिंतीशी ठेवल्या. पडद्याच्या कडेवरून जपून, डावीकडच्या पावलांना धक्का न लावता आत गेल्या, आणि मधोमध उभ्या राहिल्या. एका बाजूला ती दोन पावलं, दुसऱ्या बाजूला ती दोन. पदर सारखा केला. दोन्ही हात अंगापासून थोडे लांब सोडले, लहान पोरं चालताना सोडतात तसे.

मी कॅमेऱ्यातून बघितलं. सूर्य डोक्यामागं. रेघ कमरेला. सवयीनं माझ्या तोंडात शब्द आला, आणि तिथंच राहिला. दोन्ही बाजूच्या जागा रिकाम्या नव्हत्या. गेल्या वर्षीपण नसणार. मी दाबलं.

ताई बाहेर येताना म्हणल्या, "आज सरका म्हणला न्हाईस रे."

"न्हाई ताई."

चाचा तवर चहा सांगायला निघाले होते. मी म्हणलं, मी आणतो. ते थांबले, माझ्याकडं बघितलं, आणि परत खुर्चीत बसले. मी गेलो आणि आलो. चहा गरम होता.

पडदा: आतल्या खोलीत, दोन्ही खुंट्यांना. मी गुंडाळला, मीच ठेवला. पावलं आतल्या बाजूला, म्हणजे घासणार नाहीत. कॅमेरा: चाचांच्या कपाटात. मी: इथंच.